५७ उणे ५६ बरोबर १? विधानसभेच्या निकालाचा ताळेबंद मांडायची रीत

महाराष्ट्र विधानसभेचा २०२४ चा निकाल लागला आणि त्याच रात्रीपासून असे तक्ते फिरू लागले : शिवसेना, २०१९ मध्ये ५६, आता ५७, फरक अधिक १. राष्ट्रवादी, तेव्हा ५४, आता ४१, फरक उणे १३. वजाबाकी बिनचूक आणि तक्ता साफ चुकीचा. २०१९ ची ५६ ही अख्ख्या शिवसेनेची होती. २०२४ ची ५७ ही एकनाथ शिंदे यांच्याकडच्या, धनुष्यबाण चिन्हाच्या शिवसेनेची. उद्धव ठाकरे यांच्या पक्षाचे २० आमदार त्या तक्त्यात कुठे बसवायचे, हे कुणी विचारलंच नाही.

अशी चूक करणारे नवखे असतात असं नाही. मी बरीच वर्षं हे आकडे मांडतोय. एका मतमोजणीच्या दिवशी माझ्याच विभागवार तक्त्याची बेरीज ३०० आली होती. सभागृह २८८ चं, आणि १२ आमदार मी फुकट वाढवून ठेवलेले. ते कुठून आले, ते सातव्या टप्प्यात सांगतो.

उदाहरणं मुख्यतः महाराष्ट्राची, मध्ये थोडी गोव्याची. रीत कुठल्याही राज्याला लागू पडते. टप्पे मात्र याच क्रमाने घ्या. मतांचे टक्के आधी आणि जागांचा हिशेब नंतर करायला गेलात की हमखास घोळ होतो.

टप्पा १ : निकालाच्या आधीच तक्ता तयार ठेवा

मतमोजणीच्या दिवशी सकाळी एक्सेलची कोरी शीट उघडणारा माणूस दुपारपर्यंत दमतो आणि संध्याकाळी चुकतो. आदल्या आठवड्यात २८८ ओळींची शीट बनवा. पहिला रकाना मतदारसंघाच्या क्रमांकाचा : १ अक्कलकुवा, २८८ जत. नाव दुसऱ्या रकान्यात.

क्रमांक पहिला का? नावं दगा देतात म्हणून. शिरपूर, शिरूर, शिराळा, शिरोळ आणि शिर्डी हे पाच वेगळे मतदारसंघ आहेत. रायगड जिल्ह्यात कर्जत आहे आणि नगर जिल्ह्यात कर्जत-जामखेड. २०२४ ला पहिल्यात शिंदेंची शिवसेना जिंकली, दुसऱ्यात शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे रोहित पवार. नावावरून दोन शीट जोडल्या की अशा ठिकाणी आमदार एका जिल्ह्यातून उठून दुसऱ्या जिल्ह्यात जातो. क्रमांकावरून जोडल्या तर जात नाही.

त्यापुढे हे रकाने हवेत : जिल्हा, आरक्षण (२९ जागा अनुसूचित जातींसाठी, २५ अनुसूचित जमातींसाठी), मागच्या निवडणुकीतला विजेता आणि त्याचा पक्ष, मधल्या काळात पोटनिवडणूक झाली असेल तर तिचा निकाल, मावळता आमदार शेवटी ज्या पक्षात होता तो पक्ष, यंदाचा विजेता, त्याचा पक्ष आणि मतं, दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार, त्याचा पक्ष आणि मतं, एकूण मतं. शेवटचा रकाना शेऱ्याचा. तो मोठा ठेवा, भरपूर लागतो.

पक्षांना छोटी, एकमेकांत न मिसळणारी नावं द्या. 'शिवसेना' आणि 'शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे)' अशी पूर्ण नावं ठेवून 'शिवसेना हा शब्द असलेल्या ओळी मोजा' असं सूत्र लावलंत की ५७ आणि २० मिळून ७७ येतात. दोन राष्ट्रवादींचं तेच, ४१ आणि १० मिळून ५१. मी चिन्हं लिहितो : धनुष्य (शिंदे), मशाल (ठाकरे), घड्याळ (अजित पवार), तुतारी (शरद पवार), कमळ (भाजप), पंजा (काँग्रेस). टाइप करायला सोपं, आणि डोळ्यालाही लगेच कळतं.

*जपून :* चालू मतदारसंघ-रचना २००९ च्या विधानसभा निवडणुकीपासून आहे. म्हणजे २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ या चार निवडणुकांची मतदारसंघनिहाय तुलना करता येते. २००४ चा निकाल या शीटमध्ये आणू नका. नाव तेच दिसलं तरी हद्द तीच नसते.

टप्पा २ : तुलना कशाशी, ते एका वाक्यात लिहून ठेवा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्या चुका वाटतही नाहीत. 'पक्ष वाढला' किंवा 'घटला' म्हणताना तुलनेचा पाया कोणता? निदान तीन पाये शक्य असतात : मागच्या सार्वत्रिक निवडणुकीचा निकाल, सभागृह विसर्जित होतानाचं पक्षीय बलाबल, आणि पक्ष फुटला असेल तर फुटीच्या वेळची विभागणी.

एकच पक्ष घेऊन बघा. ठाकरे यांच्या पक्षाला २०२४ ला २० जागा मिळाल्या. २०१९ च्या ५६ शी तुलना केली तर उणे ३६. जून २०२२ मध्ये फूट पडली तेव्हा शिवसेनेचे ५५ आमदार होते (रमेश लटके यांचं मे २०२२ मध्ये निधन झालं होतं). त्यातले ४० शिंदेंबरोबर गेले, १५ ठाकरेंकडे राहिले. या १५ शी तुलना केली तर अधिक ५. एका मथळ्यात 'धुव्वा', दुसऱ्यात 'वाढ', आणि आकडा दोन्हीकडे खराच. शिंदेंच्या पक्षाचंही तसंच. ४० वरून ५७ म्हणजे अधिक १७, आणि ५६ वरून मोजलं तर अधिक १.

राष्ट्रवादीत घड्याळाचे ४१ निवडून आले. विधानसभा अध्यक्षांनी १५ फेब्रुवारी २०२४ च्या निर्णयात अजित पवार यांच्या बाजूला ५३ पैकी ४१ आमदार असल्याचं नोंदवलं होतं. त्या पायावर फरक शून्य येतो. मात्र शून्य आला म्हणून तेच ४१ जण पुन्हा निवडून आले असं समजू नका. संख्या तीच राहते आणि आतली माणसं बदललेली असतात. ते चौथ्या टप्प्यात दिसेल.

पोटनिवडणुकांनी पाया आणखी हलतो. पुण्याचं कसबा पेठ घ्या. २०१९ ला भाजपच्या मुक्ता टिळक, २०२३ च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसचे रवींद्र धंगेकर, २०२४ ला पुन्हा भाजप, हेमंत रासने. २०१९ च्या पायावर ही जागा भाजपने 'राखली', विसर्जनाच्या पायावर 'काँग्रेसकडून घेतली'. दोन्हीपैकी काहीही लिहा, पण तक्त्याच्या डोक्यावर पायाची तारीख टाका.

माझी सवय अशी की मुख्य तक्ता नेहमी मागच्या सार्वत्रिक निवडणुकीच्या पायावर करायचा, कारण तो आकडा मतदारांनी दिलेला असतो. मधल्या उड्या शेजारच्या रकान्यात. फुटलेल्या पक्षांपुढे अधिक-उणे लिहायचंच नाही, आडवी रेघ मारायची आणि खाली टीप द्यायची.

*पडताळा :* २०१९ चा स्तंभ भरून झाला की बेरीज करा. भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४, बहुजन विकास आघाडी ३, समाजवादी, एमआयएम आणि प्रहार प्रत्येकी २, मनसे, माकप, शेकाप, रासप, जनसुराज्य, स्वाभिमानी आणि क्रांतिकारी शेतकरी पक्ष प्रत्येकी १, अपक्ष १३. एकूण २८८. इथे २८७ आले तर पुढे जाऊ नका. छोट्या पक्षांपैकी एखादा 'इतर' आणि 'अपक्ष' या दोन्हींच्या मध्ये पडलेला असतो.

टप्पा ३ : मतमोजणीच्या दिवशी कल एका रकान्यात, निकाल दुसऱ्यात

सकाळी ८ वाजता टपाली मतांची मोजणी सुरू होते, साडेआठपासून ईव्हीएमची. साडेनऊला वाहिन्यांवर दोनशेच्या वर जागांचे कल असतात, म्हणजे दोनशे मतदारसंघांतल्या पहिल्या एक-दोन फेऱ्या. फेऱ्या केंद्रांच्या क्रमाने चालतात. पहिल्या फेरीत तालुक्याच्या एका टोकाची गावं असतात आणि शेवटच्या फेरीत दुसऱ्या टोकाची. त्यामुळे पाचव्या फेरीतली 'आघाडी' ही पुष्कळदा फक्त भूगोलाची असते.

निवडणूक आयोगाच्या निकालाच्या संकेतस्थळावर प्रत्येक जागेपुढे 'आघाडीवर' की 'विजयी' हे वेगळं दिलेलं असतं. तुमच्या शीटमध्येही दोन रकाने ठेवा. बेरीज सांगताना 'विजयी इतके, आघाडीवर इतके' असंच सांगा.

घाई का करू नये, त्यासाठी तीनच आकडे पुरेत. २०२४ ला मालेगाव मध्यमध्ये एमआयएमचे मुफ्ती इस्माईल १६२ मतांनी जिंकले. साकोलीत काँग्रेसचे नाना पटोले २०८ मतांनी. बेलापूरमध्ये भाजपच्या मंदा म्हात्रे ३७७ मतांनी. एवढ्या मतांचा फैसला एखाद्या केंद्रावर किंवा टपाली मतांच्या गठ्ठ्यावर होतो, आणि अशा ठिकाणी फेरमोजणीचा अर्ज येणार हे धरून चालायचं.

*जपून :* संकेतस्थळाची पानं त्याच रात्री जपून ठेवा. नंतर केंद्रनिहाय मतांसाठी फॉर्म २० लागेल. तो जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर येतो. आयोगाचा सांख्यिकी अहवाल त्याहून उशिरा येतो. टक्क्यांच्या दशांशात फरक दिसला तर मतांचा आकडा ताडून बघा. 'नोटा' धरून टक्के काढलेत की वगळून, एवढ्याचाच तो फरक असतो.

*पडताळा :* २०२४ चा स्तंभ असा जुळला पाहिजे. कमळ १३२, धनुष्य ५७, घड्याळ ४१ : मिळून २३०. मशाल २०, पंजा १६, तुतारी १० : मिळून ४६. समाजवादी २, जनसुराज्य २, एमआयएम १, माकप १, शेकाप १, रासप १, युवा स्वाभिमान १, राजर्षी शाहू विकास आघाडी १, अपक्ष २. एकूण २८८.

टप्पा ४ : नुसती वजाबाकी नको, कुठून कुठे गेलं त्याची चौकट करा

भाजप १०५ वरून १३२ वर गेला, म्हणजे २७ जागा मिळाल्या. असं लिहिणं सोपं आहे, पण ही २७ निव्वळ आहे. काही जागा गमावल्या, त्याहून जास्त कमावल्या, त्यातला फरक २७. किती गमावल्या हे न सांगता पक्षाचं बलाबल कळत नाही.

त्यासाठी चौकट करा. उभ्या बाजूला २०१९ चे पक्ष, आडव्या बाजूला २०२४ चे. प्रत्येक मतदारसंघ कोणत्या ना कोणत्या एका घरात पडतो. एक्सेलमध्ये पिव्हट टेबल लावलं की मिनिटभराचं काम आहे. उभ्या बाजूच्या बेरजा २०१९ शी जुळल्या पाहिजेत, आडव्या २०२४ शी. कर्णावरची घरं म्हणजे राखलेल्या जागा. ओळीतली बाकीची घरं गमावलेल्या, स्तंभातली बाकीची कमावलेल्या.

या चौकटीत २०१९ च्या बाजूला शिवसेनेची एकच ओळ असेल आणि २०२४ च्या बाजूला धनुष्य आणि मशाल असे दोन स्तंभ. राष्ट्रवादीचंही तसंच. तिथे कर्ण तुटतो, आणि तुटू द्या. ५६ च्या ओळीतल्या किती जागा धनुष्याकडे गेल्या, किती मशालीकडे, किती तिसऱ्यांकडे, ही तीन उत्तरं वाचकाला 'अधिक १' पेक्षा शंभरपट उपयोगी आहेत.

आता दुसरी चौकट, माणसांची. पक्ष तोच पण आमदार नवा, आणि आमदार तोच पण चिन्ह नवं, असे दोन्ही प्रकार असतात. कुडाळला नीलेश राणे भाजपमधून येऊन धनुष्यबाणावर निवडून आले. अंधेरी पूर्वचे मुरजी पटेल २०१९ ला अपक्ष लढले, २०२२ च्या पोटनिवडणुकीत भाजपतर्फे अर्ज भरून त्यांनी तो मागे घेतला, आणि २०२४ ला त्याच जागी धनुष्यबाणावर जिंकले. चिन्हांच्या हिशेबात हे दोघे शिवसेनेचे, आणि तक्त्यात तसंच लिहायचं. आमदार सभागृहात ज्या चिन्हावर निवडून आला त्याच पक्षाचा धरला जातो. पण जागावाटपात कुणी कुणाला माणसं पुरवली हा प्रश्न निघाला की शेऱ्याचा रकाना कामाला येतो.

छोटे मित्रपक्ष मोठ्याच्या चिन्हावर लढले असतील तर त्यांचे आमदार मोठ्याच्याच खात्यात मोजा. वाहिनीवर तो नेता 'आमचे इतके आले' म्हणेल, तुम्ही चिन्ह बघा.

टप्पा ५ : मतांचे टक्के, आणि शेजारी लढवलेल्या जागा

इथे थोडा वेळ थांबू, कारण शिकलेली माणसंही इथे फसतात.

भाजपची मतं : २०१४ ला २७.८१ टक्के आणि १२२ जागा. २०१९ ला २५.७५ टक्के आणि १०५ जागा. २०२४ ला २६.७७ टक्के आणि १३२ जागा. नुसतं एवढंच बघितलं तर २०१४ च्या मानाने मतं घटली आणि जागा वाढल्या. मग कुणी 'चमत्कार' म्हणतं, कुणी 'घोटाळा'. दोघांनीही एक रकाना बघितलेला नसतो. २०१४ ला युती तुटली होती, चारही मोठे पक्ष वेगवेगळे लढले, आणि भाजपने २६० जागा लढवल्या. २०१९ ला १६४. २०२४ ला फक्त १४९. उमेदवारच नाही तिथे मतं कुठून येणार?

त्यासाठी कच्चं पण कामचलाऊ सूत्र : राज्यभराच्या मतांचे टक्के गुणिले २८८ भागिले लढवलेल्या जागा. यातून लढवलेल्या जागांवर सरासरी किती टक्के मतं पडली त्याचा अंदाज मिळतो. भाजपसाठी २०१४ ला सुमारे ३१, २०१९ ला सुमारे ४५, २०२४ ला सुमारे ५२ टक्के. आता १३२ चं कोडं उरत नाही.

२०२४ च्या बाकी पाच पक्षांना हेच लावा. काँग्रेस १२.४२ टक्के, १०१ जागा लढवल्या, १६ जिंकल्या : लढवलेल्या जागांवर सुमारे ३५ टक्के. शिंदेंची शिवसेना १२.३८ टक्के, ८१ लढवल्या, ५७ जिंकल्या : सुमारे ४४. शरद पवारांची राष्ट्रवादी ११.२८ टक्के, ८६ लढवल्या, १० जिंकल्या : सुमारे ३८. ठाकरेंचा पक्ष ९.९६ टक्के, ९५ लढवल्या, २० जिंकल्या : सुमारे ३०. अजित पवारांची राष्ट्रवादी ९.०१ टक्के, ५९ लढवल्या, ४१ जिंकल्या : सुमारे ४४.

'काँग्रेसला शिंदेंपेक्षा जास्त मतं आणि जागा १६' हे वाक्य खरं आहे, पण त्यातून काहीच निघत नाही, कारण काँग्रेसने वीस जागा जास्त लढवल्या होत्या. शरद पवारांच्या पक्षाचं मात्र बघण्यासारखं आहे. सरासरी ३८ टक्के मतं काही कमी नव्हेत. चौरंगी लढतीत त्यावर पोतंभर जागा येतात. इथे समोर एकच एकवटलेला उमेदवार होता, म्हणून हाती १० आल्या. मतं विखुरली किती आणि एकवटली किती, ते बघितल्याशिवाय टक्क्यांवरून जागांकडे जाता येत नाही.

आघाडी म्हणून बेरीज करायची तर महायुतीच्या तिघांची ४८.१६ टक्के, महाविकास आघाडीच्या तिघांची ३३.६६. साडेचौदा टक्क्यांचं अंतर. सभागृहात ते २३० विरुद्ध ४६ होतं, म्हणजे ८० टक्के जागा विरुद्ध १६ टक्के. अंतर दहाच्या पलीकडे गेलं की आपली 'ज्याला जास्त मतं तो विजयी' ही पद्धत असंच फुगवते.

*पडताळा :* महायुतीच्या लढवलेल्या जागांची बेरीज करा. १४९, ८१ आणि ५९ मिळून २८९. सभागृह २८८ चं! तुमचं चुकलेलं नाही. काही जागी मित्रपक्ष एकमेकांसमोर होते. मानखुर्द-शिवाजीनगरला घड्याळावर नवाब मलिक आणि धनुष्यबाणावर सुरेश पाटील असे दोघेही होते, आणि जिंकले समाजवादीचे अबू आझमी. दुसऱ्या बाजूला सांगोल्यात शेकाप आणि मशाल समोरासमोर आले, तिथे शेकापचे बाबासाहेब देशमुख जिंकले. अशा जागांपुढे शेऱ्यात 'मैत्रीपूर्ण' लिहा. नाव मैत्रीचं, लढत तशी असतेच असं नाही.

*जपून :* मतांचा आकडा आणि मतांचे टक्के यांची सरमिसळ नको. मतदान २०१९ ला ६१.४४ टक्के होतं, २०२४ ला ६६.०५. मतदारही वाढले. मतपेटीत ऐंशी-नव्वद लाख मतं जास्त पडली की पराभूत पक्षही 'आमची मतं वाढली' असं खरं बोलू शकतो.

टप्पा ६ : मताधिक्य आणि 'मतं खाल्ली'चा आरोप

मताधिक्य म्हणजे विजेता उणे दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार. 'नोटा' हा उमेदवार नव्हे. २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये धीरज देशमुख यांना १,३५,००६ मतं, शिवसेनेच्या उमेदवाराला १३,५२४ आणि 'नोटा'ला २७,५००. यादी मतांच्या उतरत्या क्रमाने लावली की 'नोटा' दुसरी येते आणि सूत्र १,०७,५०६ दाखवतं. खरं मताधिक्य १,२१,४८२. यादी लावण्याआधी 'नोटा'ची ओळ बाजूला काढा.

तिसऱ्याने मतं खाल्ली म्हणून हरलो, हा आरोप प्रत्येक निकालानंतर होतो. तो तपासायला साधी कृती आहे. तिसऱ्याची मतं मताधिक्यापेक्षा जास्त आहेत का? नसतील तर विषय संपला. असतील तर पुढचा प्रश्न : त्यातली किती टक्के मतं एकगठ्ठा दुसऱ्याकडे गेली असती तर निकाल फिरला असता? २०२४ च्या लोकसभेला साताऱ्यात उदयनराजे भोसले ३२,७७१ मतांनी जिंकले, आणि तुतारीशी मिळतंजुळतं चिन्ह मिळालेल्या अपक्षाने ३७,०६२ मतं घेतली. म्हणजे शंभरातली ८८ हून जास्त मतं चुकून पडली आणि खरी तुतारीचे उमेदवार शशिकांत शिंदे यांची होती, असं मानावं लागतं. मानायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं, पण ८८ हा आकडा सांगून मग.

*जपून :* लोकसभेचे विधानसभानिहाय आकडे या शीटमध्ये आणायचे तर वेगळ्या पानावर आणा. २०२४ च्या लोकसभेला महाविकास आघाडीचे ३० खासदार आले होते, महायुतीचे १७. सहा महिन्यांत काय झालं ते वर लिहिलंच आहे. उमेदवार वेगळे, मुद्दे वेगळे, मतदानही वेगळं.

टप्पा ७ : विभागवार बेरीज

ते १२ आमदार इथले. नगर जिल्हा (आता अहिल्यानगर) महसुली विभाग बघितला तर नाशिकमध्ये, म्हणजे उत्तर महाराष्ट्रात. राजकीय बोलण्यात आणि वर्तमानपत्रांत तो बहुतेकदा पश्चिम महाराष्ट्रात. नगर धरून उत्तर महाराष्ट्र ४७, न धरता ३५. पश्चिम महाराष्ट्र नगर धरून ७०, न धरता ५८. मी ४७ आणि ७० दोन्ही घेतले होते. उपसंपादकाने चहा ठेवता ठेवता विचारलं, "सभागृह कधी वाढलं?"

बाकी सरळ आहे : विदर्भ ६२, मराठवाडा ४६, ठाणे-कोकण ३९, मुंबई ३६. तक्त्याखाली 'नगर अमुक विभागात धरले आहे' एवढी ओळ टाका. दुसऱ्याच्या तक्त्याशी तुलना करण्याआधी त्याने नगर कुठे धरलंय ते बघा.

टप्पा ८ : निकालावरून सभागृहाच्या गणिताकडे

बहुमताचा आकडा १४५, हे सगळ्यांना पाठ असतं. त्यापुढचं कमी जणांना माहीत असतं.

सर्वांत मोठा पक्ष म्हणजे सरकार, असं समीकरण नाही. गोव्यात २०१७ ला ४० पैकी काँग्रेस १७, भाजप १३. सरकार मनोहर पर्रीकरांचं आलं. महाराष्ट्रात २०१९ ला निवडणूकपूर्व युतीला १०५ आणि ५६ मिळून १६१ होते. युती मोडली, आणि ३० नोव्हेंबर २०१९ ला उद्धव ठाकरे सरकारने १६९ मतांनी विश्वासदर्शक ठराव जिंकला. म्हणून निकालाच्या तक्त्यात आघाडीच्या बेरजा वेगळ्या रंगात ठेवा, पक्षांच्या पक्क्या शाईत.

ठरावाला हजर राहून मत देणाऱ्यांचं बहुमत लागतं, एकूण सदस्यांचं नाही. ४ जुलै २०२२ ला शिंदे सरकारला १६४ विरुद्ध ९९ मतं पडली. बेरीज २६३ होते. बाकीचे गैरहजर किंवा तटस्थ.

मग दोन-तृतीयांशाचं गणित. राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टात, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात, एक-तृतीयांश फुटीची जी सवलत होती ती ९१ व्या घटनादुरुस्तीने २००३ मध्ये काढून टाकली. उरली ती विलीनीकरणाची, आणि तिला विधिमंडळ पक्षाचे दोन-तृतीयांश आमदार लागतात. अपूर्णांक नेहमी वर न्यायचा. गोव्यात काँग्रेसचे १५ होते तेव्हा जुलै २०१९ मध्ये बरोबर १० भाजपमध्ये गेले. ११ होते तेव्हा सप्टेंबर २०२२ मध्ये बरोबर ८. आकडे उगाच तसे आले नाहीत. महाराष्ट्राच्या २०२४ च्या निकालावर हे लावलं तर २० ला १४, १६ ला ११, १० ला ७. पक्ष जितका लहान, तितकी थोडी माणसं फोडावी लागतात.

विरोधी पक्षनेतेपदासाठी एक-दशांश, म्हणजे २८८ त २९ आमदार लागतात, असं सरसकट म्हटलं जातं. ही प्रथा आहे. राज्याच्या १९७८ च्या कायद्यात सर्वांत मोठा विरोधी पक्ष आणि अध्यक्षांची मान्यता याची भाषा आहे, टक्क्यांची नाही. २०२४ ला एकाही विरोधी पक्षाला २९ मिळाले नाहीत, म्हणून वाद निघाला. बातमी लिहिताना 'नियमानुसार' हा शब्द टाकण्याआधी थांबा.

मंत्र्यांची कमाल संख्या मात्र नियमातच आहे : सभागृहाच्या १५ टक्के, मुख्यमंत्री धरून ४३.

शेवटचं, आमदारांच्या मतांवर होणाऱ्या निवडणुका. विधान परिषदेच्या ७८ पैकी ३० जागा आमदार निवडतात, राज्यसभेच्या महाराष्ट्रातल्या १९ ही तेच. कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारी मतं, काढायची रीत : प्रत्येक मताचं मूल्य १०० धरा, वैध मतांच्या मूल्याला (जागा अधिक १) ने भागा, अपूर्णांक सोडा आणि १ मिळवा.

१२ जुलै २०२४ ची परिषदेची निवडणूक हातानेच करून बघा. जागा ११, उमेदवार १२. इथे लोक २८८ ला १२ ने भागायचे आणि २४ धरून मोकळे व्हायचे. पण लोकसभेवर निवडून गेलेल्यांचे राजीनामे आणि इतर रिक्त जागा जाऊन तेव्हा मतदार आमदार २७४ च होते. २७,४०० भागिले १२ म्हणजे २,२८३, अधिक १ म्हणजे २,२८४. एका जागेला २२.८४, व्यवहारात २३ मतं. महायुतीचे नऊही उमेदवार आले, महाविकास आघाडीच्या बाजूच्या तिघांपैकी दोन आले, आणि शेकापचे जयंत पाटील पडले. काँग्रेसची काही मतं फुटली होती.

त्यामुळे अशी कुठलीही निवडणूक जाहीर झाली की निकालाची शीट जशीच्या तशी वापरू नका. तिची नक्कल काढा, नावात त्या दिवसाची तारीख घाला, रिक्त जागा वगळा, राजीनामा दिलेल्यांच्या ओळी राखाडी करा, आणि मगच भागाकाराला बसा. मूळ शीटला कुलूप लावून ठेवा. पुढच्या निवडणुकीत मागच्या निकालाचा स्तंभ तिच्यातूनच उचलायचा आहे.